हेडलाइटची पिवळी काच: घासायला घेण्याआधी कोट ठरवा

आपण अजूनही ‘हेडलाइटची काच’ म्हणतो. बहुतेक गाड्यांवर ती काच राहिलेली नाही. ते पॉलिकार्बोनेट नावाचं प्लास्टिक असतं. शब्द तेवढा जुना उरला, आणि निम्मा घोळ त्या शब्दानंच केलाय. काच मळते, तडकते, फुटते, पण पिवळी पडत नाही. त्यामुळे हेडलाइट पिवळा दिसला की आपल्याला वाटतं मळ बसलाय, घासला की निघेल. घासल्यावर निघतोही. आणि काही महिन्यांत दुपटीनं परत येतो.

मी पहिल्यांदा हे काम केलं तेव्हा अख्खी सुट्टी त्यात घातली. दोन्ही दिवे आरशासारखे झाले, फोटो काढून झाले, शेजाऱ्यांना दाखवून झाले. सात-आठ महिन्यांनी एका सकाळी गाडी पुसताना लक्षात आलं, दिवे आधीपेक्षा जास्त पिवळे झालेत. तेव्हा चडफडलो. चूक काय झाली ते पुढे कळलं: मी दिवा साफ केला नव्हता, त्याचं संरक्षण खरवडून काढलं होतं आणि त्याला तसाच उघडा उन्हात उभा केला होता.

म्हणून या लेखाचा क्रम थोडा उलटा आहे. शेवटी कोणता कोट, म्हणजे संरक्षक लेप, द्यायचा हे आधी ठरवायचं आणि मग पॉलिश पेपर हातात घ्यायचा. कारण घासणं कुठे थांबवायचं ते कोटवर ठरतं.

पिवळेपणा येतो कुठून

पॉलिकार्बोनेटचा शोध १९५३ मध्ये जर्मनीत बायर आणि अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक या दोन ठिकाणी जवळपास एकाच वेळी लागला. हातोडीचा घाव सोसेल असं हे प्लास्टिक आहे, पण त्याची दोन दुखणी आहेत. पृष्ठभाग मऊ, त्यामुळे धुळीनंही ओरखडे येतात. आणि सूर्याच्या अतिनील किरणांत त्याची रासायनिक साखळी मोडते, ऑक्सिजनशी संयोग होतो आणि वरचा थर पिवळा, ठिसूळ होतो.

अमेरिकेत १९४० पासून सीलबंद काचेचेच दिवे बसवावे लागत. १९८३ मध्ये तो नियम सैल झाला आणि १९८४ च्या लिंकन मार्क सेव्हन या गाडीवर बदलता येणाऱ्या बल्बचा, गाडीच्या अंगाला धरून वळवलेला दिवा आला. प्लास्टिक हवं तसं वळतं, हलकं असतं, दगड लागला तर फुटत नाही. मग काच मागे पडत गेली. प्लास्टिकच्या दुखण्यांवर उपाय म्हणून कारखान्यात त्यावर एक कडक, पारदर्शक, अतिनील किरण अडवणारा लेप देतात. तो जेमतेम दहा मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे केसाच्या जाडीच्या कितीतरी आत. उन्हानं, खड्यांनी आणि कडक साबणांनी वर्षानुवर्षं झिजून तो आधी निस्तेज होतो, मग बारीक भेगाळतो, शेवटी पापुद्रे सुटतात. त्याखालचं प्लास्टिक उघडं पडलं की पिवळेपणा वेगानं चढतो. गाडी रोज एकाच दिशेला तोंड करून उभी राहत असेल तर एकच दिवा जास्त खराब दिसतो, तो यामुळेच.

हे नुसतं दिसण्याचं दुखणं नाही. अमेरिकेतल्या ट्रिपल ए या वाहनचालक संघटनेनं २०१८ मध्ये जुन्या, खराब झालेल्या दिव्यांची चाचणी घेतली, तेव्हा लो बीमवर नव्या दिव्याच्या तुलनेत फक्त २२ टक्के प्रकाश मिळाला. नीट दुरुस्त केल्यावर तो ७० टक्क्यांच्या आसपास गेला. शिवाय धुरकट काचेतून प्रकाश विखुरतो. आपल्याला रस्ता दिसत नाही आणि समोरच्याचे डोळे मात्र दिपतात.

आधी पाणी मारून बघा

दिवा धुऊन घ्या आणि ओला असतानाच समोर उभं राहून पाहा. ओला असताना काच स्वच्छ दिसली आणि वाळली की पुन्हा धुरकट झाली, तर दुखणं बाहेरून आहे आणि तुमचं काम सोपं आहे. पाणी त्या बारीक ओरखड्यांत भरतं, पृष्ठभाग तात्पुरता सपाट होतो आणि प्रकाश सरळ जातो. आपण पुढे जे करणार त्याची ही झलकच समजा. पिवळा रंग मात्र ओल्यानं जात नाही. धुरकटपणा किती कमी झाला तेवढंच बघायचं.

ओला करूनही काही फरक दिसला नाही तर तीन शक्यता. एक, धुरकटपणा आतून आहे. बोटानं पुसताना डाग बोटाखाली नसून त्याच्या मागे आहे असं जाणवतं. दोन, कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा प्लास्टिकच्या आत खोलवर गेल्यात. टॉर्च तिरपी धरली की त्या चमकतात. त्या घासून जात नाहीत. घासत राहिलात तर काच पातळ होईल, भेगा तिथेच राहतील. तीन, काच ठीक आहे पण आतला चकचकीत रिफ्लेक्टर करपलाय किंवा सोलवटलाय. तसं असेल तर बाहेरून कितीही घासा, प्रकाश वाढणार नाही. दुसऱ्या-तिसऱ्या प्रकारात नवा दिवा बघावा हे बरं. उगाच मेहनत का वाया घालवायची?

आत पाण्याचं धुकं असेल तर ते आधी निस्तरा. दिवा लावल्यावर थोड्या वेळात जाणारं हलकं धुकं बहुतेक दिव्यांत येतं, त्याची काळजी नको. थेंब ओघळत असतील, तळाशी पाणी साचत असेल तर मागचं रबरी झाकण, हवा खेळण्याची बारीक नळी आणि कडेचं सील तपासा. बल्ब काढून दिवा उन्हात कोरडा होऊ द्या. हॅलोजन बल्ब असेल तर त्याच्या काचेला बोट लावू नका. बोटाचं तेल तिथे तापतं आणि बल्ब लवकर जातो.

आणखी एक खात्री करून घ्या: समोर खरंच प्लास्टिक आहे ना? फार जुन्या गाड्यांवर खरी काच सापडते. नखानं टिचकी मारली की आवाजातच कळतं. काही दिव्यांच्या काठावर ‘पीएल’ ही इंग्रजी अक्षरं कोरलेली असतात, ती प्लास्टिकच्या लेन्सची खूण. साहित्याचं नाव छापलेलं असेल तर ‘पीसी’ म्हणजे पॉलिकार्बोनेट आणि ‘पीएमएमए’ म्हणजे अॅक्रिलिक. मागचे दिवे बहुतेक वेळा अॅक्रिलिकचे असतात. त्यांची तऱ्हा वेगळी, त्यांच्याकडे शेवटी येतो.

कोट कोणता

चार पर्याय आहेत. माझं मत सांगत सांगतच लिहितो.

वॅक्स किंवा गाडीच्या रंगावर लावायचं सीलंट. लावायला सोपं, चमक छान, पण काही आठवड्यांत धुपून जातं. दर महिन्याला न चुकता लावणारा माणूस असेल तर त्याला हरकत नाही. मी तो माणूस नाही.

पुसून लावायचा लेप. छोट्या बाटलीत किंवा भिजवलेल्या टिश्यूच्या पाकिटात येतो. काही प्रकार हवेत सुकतात, काही उन्हातल्या अतिनील किरणांनीच कडक होतात. नवख्या माणसानं इथून सुरुवात करावी. फवारा उडण्याची भीती नाही, चुकलं तर पुन्हा २००० चा पॉलिश पेपर (आकडा जेवढा मोठा तेवढा कागद बारीक) मारून नव्यानं लावता येतं.

दोन घटकांचा क्लिअर कोट, म्हणजे ज्यात हार्डनर मिसळावा लागतो तो. सगळ्यांत टिकाऊ, पण सगळ्यांत धोक्याचा. त्यातली आयसोसायनेट नावाची रसायनं फुप्फुसात गेली तर कायमचा दमा जडू शकतो. कापडी मास्क किंवा धुळीचा साधा मास्क इथे उपयोगाचा नाही. वाफ अडवणारं कॅनिस्टर बसवलेला मास्क, हातमोजे, चष्मा आणि मोकळी हवा, यातलं एक जरी नसलं तरी हा पर्याय सोडा. हार्डनर नसलेला साधा स्प्रे स्वस्त असतो म्हणून मोह होतो, पण तो प्लास्टिकवर फार काळ धरून राहत नाही. कडेनं सुटतो आणि मग सोलून काढण्याचं काम वाढतं.

पारदर्शक फिल्म, म्हणजे गाडीच्या रंगावर लावतात तीच पीपीएफ. साबणाच्या पाण्यावर सरकवत बसवायची, रबरी पट्टीनं पाणी बाहेर काढायचं. अतिनील किरण अडवते, खड्यांचा मारही झेलते, खराब झाली की ओढून काढून नवी लावता येते. सपाट दिव्यांना हा पर्याय मला सगळ्यांत आवडतो. फार गोलाईच्या दिव्यांवर मात्र कडेला सुरकुत्या येतात आणि धीर सुटतो.

आता महत्त्वाचं. फिल्म किंवा वॅक्स लावणार असाल तर काच शेवटपर्यंत घासून, बफ करून, म्हणजे कंपाउंड लावून पॅडनं चकाकवून, आरशासारखी करायची. क्लिअर कोट मारणार असाल तर ८०० किंवा १००० वरच थांबायचं, कारण कोटला धरायला खरखरीत जागा लागते आणि ते बारीक ओरखडे कोट स्वतः भरून टाकतो. पुसायच्या लेपाला बहुधा २००० किंवा ३००० पर्यंत जावं लागतं. तिथे बाटलीवर लिहिलंय ते पाळा. तासभर बफ मारून काच चकाकवायची आणि वर क्लिअर कोट मारायचा, हे मी लोकांना करताना पाहिलंय. गुळगुळीत जागेवर तो कोट तळ्यावरच्या सायीसारखा बसतो आणि तसाच निघतो.

सामान

पाण्यात वापरायचा पॉलिश पेपर: ६००, ८००, १०००, १५००, २०००, ३०००. खूपच पापुद्रे सुटले असतील तर ४०० चा एक तुकडा. कागदामागच्या आकड्याआधी इंग्रजी ‘पी’ आहे का ते बघून घ्या. ‘पी’वाली मोजणी युरोपीय, त्यात ४०० चा कण साधारण ३५ मायक्रॉनचा, १००० चा १८ आणि २००० चा १० मायक्रॉनचा. ‘पी’ नसलेला अमेरिकी मोजणीचा ६०० हा साधारण पी १२०० इतका बारीक असतो. दोन्ही प्रकार मिसळले तर बारीककडे जातोय असं वाटतं आणि हात उलटा जाडकडे जातो. एकाच मोजणीचा संच घ्या.

त्याशिवाय मऊ रबराचा किंवा फोमचा ठोकळा, मास्किंग टेप, स्प्रे बाटलीत पाणी आणि साबणाचे दोन थेंब, दोन बादल्या, चार-पाच मायक्रोफायबर कापडं, प्लास्टिकसाठीचं किंवा बारीक रबिंग कंपाउंड (घासून चमक आणणारं मलम), आणि ड्रिल मशीनला लावायचं फोमचं पॅड. ड्रिल नसेल तर हातानं होतं, फक्त दंड भरून येतात.

टेप दोन थर

गाडी सावलीत घ्या. दिवा आणि भोवतालचा पत्रा धुऊन कोरडा करा. डांबराचे ठिपके, किडे आधी काढा, नाहीतर तेच कागदाखाली फिरतील. बोनेट उघडा, दिव्याचा वरचा काठ बहुतेक वेळा त्याखाली दडलेला असतो आणि तिथली पिवळी रेघ राहून गेली की सगळ्या कामाची शोभा जाते.

मग टेप. बंपर, फेंडर, बोनेटची कड, सगळीकडे दोन थर. एका थरावर भागवलं तर काय होतं ते माझ्या गाडीच्या बंपरवर अजून लिहिलेलं आहे. ओला कागद कोपऱ्याशी दहा-वीस वेळा आदळला की टेप विरते, आणि ती विरली हे कळेपर्यंत रंगावर पांढरा चट्टा उठलेला असतो. काम चालू असताना मधूनमधून टेपकडे बघत जा.

दिवा काढणं दोन-तीन स्क्रूंचं काम असेल तर सरळ काढून टेबलावर घ्या. कडा नीट हाताशी येतात. फक्त मागची भोकं बंद करा, आत पाणी जाऊ देऊ नका. आणि परत बसवल्यावर प्रकाशाची उंची तपासायची हे लक्षात ठेवा.

घासणं

कागद पाण्यात दहा-पंधरा मिनिटं भिजत घाला. कोरडा कागद वाकवताना मोडतो आणि त्या घडीची धार खोल ओरखडा पाडते.

सुरुवात कोणत्या आकड्यानं? एका कोपऱ्यात १००० चा कागद वीसेक हात फिरवा आणि पुसून बघा. पिवळेपणा निघत असेल तर तिथूनच पुढे. नुसतं घसरत असेल तर ८००, मग ६००. पापुद्र्यांच्या कडा बेटांसारख्या उठून दिसत असतील तरच ४००. जेवढा जाड कागद घ्याल तेवढे त्याचे ओरखडे काढायला पुढे घासावं लागणार, हे धरून चाला.

सगळं घासणं ओलं. एका हातात पाण्याची बाटली, दुसऱ्या हातात ठोकळा. जोर लावू नका, कागदाला कापू द्या. सरळ रेषेत, आडवे हात मारा. गोल गोल फिरवू नका. पुढच्या कागदानं उभे, त्याच्या पुढच्यानं पुन्हा आडवे. यात एक साधी युक्ती दडली आहे: आता उभे हात मारताय आणि आडवी रेघ दिसतेय, म्हणजे ती मागच्या कागदाची, अजून गेलेली नाही. गोल फिरवलं तर कोणती रेघ कुणाची हे कळणारच नाही.

पहिल्या कागदावर थोडं रेंगाळू. ओघळणाऱ्या पाण्याकडे बघा. सुरुवातीला ते ताकासारखं, पण पिवळट झाक असलेलं येतं. तो जुना लेप आणि मेलेलं प्लास्टिक. हाताला कागद कुठे घसरतो, कुठे अडकतो. जिथे लेप शाबूत आहे तिथे घसरतो, जिथे उघडं प्लास्टिक आहे तिथे चावतो. पाणी मारून पुसलं की काचेवर नकाशा दिसतो: मधे मोकळं मैदान, कडेला लेपाची किनार. ती किनार पूर्ण जाईपर्यंत पुढचा कागद घ्यायचा नाही. अर्धा लेप ठेवून पुढे गेलात तर शेवटी चमक आल्यावरही ती किनार दिसते, कोट मारल्यावर तर जास्तच. पाणी निव्वळ पांढरं यायला लागलं, हाताला सगळीकडे सारखाच चाव लागला आणि कोरडी काच सगळीकडे सारखी दुधाळ दिसली की पहिला टप्पा झाला. एका दिव्याला इथेच वीस-पंचवीस मिनिटं जातात, जाऊ द्या.

दिवा या क्षणी आधीपेक्षा भयाण दिसतो. पहिल्यांदा करणाऱ्याच्या पोटात गोळा येतो तो इथेच. माझा मामा शेजारी उभा होता, तो म्हणाला, “अरे, वाट लावलीस की!” मी पाणी मारून दाखवलं. काच एकदम नितळ. मामा गप्प झाला. तुम्हालाही शंका आली की पाणी मारून बघा.

प्रत्येक कागदानंतर दिवा, ठोकळा आणि हात धुवा, पाणी बदला. ८०० चा एक कण १५०० च्या कागदाखाली राहिला तर एकच लांब रेघ मिळते, आणि ती काढायला दोन पायऱ्या मागे जावं लागतं. दोन बादल्या सांगितल्या त्या यासाठी: एक धुवायची, एक भिजवायची.

पुढचे कागद भराभर जातात. ८०० नंतर १०००, मग १५००, २०००, ३०००. प्रत्येकाला पाच-सात मिनिटं. पायरी मात्र गाळायची नाही. एकदा घाईत ६०० वरून थेट २००० घेतला. दिवसा सगळं झकास दिसलं, रात्री दिवा लावला तर काचेत जाळीदार रेघांचं कापड विणलेलं. प्रत्येक टप्प्यावर काच पूर्ण कोरडी करून, टॉर्च तिरपी धरून बघा. ओल्या काचेवर सगळंच छान दिसतं.

दिव्यावर धारदार उंचवटा असेल तर ठोकळा बाजूला ठेवून बोटांनी, अगदी हलकं. तिथे प्लास्टिक पटकन झिजतं आणि धार बोथट होते. कोरलेल्या अक्षरांवरून आणि खुणांवरून शक्य तेवढं जपून जा.

बफिंग

क्लिअर कोटवाले ८००-१००० वरच थांबले आहेत. बाकीच्यांसाठी: कंपाउंडचे तीन-चार वाटाण्याएवढे ठिपके पॅडवर, आधी मशीन बंद ठेवून ते काचेवर पसरवा, मग सुरू करा. नाहीतर पहिल्या फेरीत सगळं तुमच्या शर्टावर. वेग मध्यम, मिनिटाला हजार-दीड हजार फेरे पुरे. पॅड सतत हलतं ठेवा. पॉलिकार्बोनेट साधारण १४७ अंश सेल्सिअसला मऊ पडतं. एका जागी रेटून धरलेलं पॅड तिथवर न पोचताही पृष्ठभागाला चटका देऊ शकतं. तो डाग पुसून जात नाही. मधे मधे हात लावून बघा: कोमट चालेल, हाताला सोसवत नाही म्हणजे थांबा.

दोन-तीन फेऱ्यांत ३००० चा धुरकटपणा जातो. जात नसेल तर कंपाउंडला दोष देऊ नका. घासण्यात कुठलीतरी पायरी कच्ची राहिली आहे. २००० वर परत जा.

कोट देणं

काच आता नंगी आहे. आजच कोट द्या. उद्यावर टाकलं की पुढचा रविवार, मग त्याच्या पुढचा.

कंपाउंडमधल्या तेलाचा अंश राहिला तर कोट धरत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोल अर्धं आणि पाणी अर्धं, स्वच्छ कापडावर घेऊन पुसा आणि लगेच दुसऱ्या कापडानं कोरडं करा. पॉलिकार्बोनेटला हे झटपट पुसणं चालतं. थिनर, पेट्रोल, अॅसिटोन अजिबात नको. त्यानंतर काचेला बोट लावायचं नाही.

पुसायचा लेप असेल तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग आडवे हात, प्रत्येक हात आधीच्यावर थोडा चढता. सुकायला लागलेल्या जागेवर पुन्हा फिरवायचं नाही, रेघा पडतात. लावताना सावली हवी. उन्हानं कडक होणारा प्रकार असेल तर पसरून झाल्यावर गाडी उन्हात काढायची. वारा सुटला असेल तर काम पुढे ढकला. लेपात अडकलेला एक केस वर्षभर तुमच्याकडे बघत राहतो.

क्लिअर कोटला गाडीचा बाकीचा भाग प्लास्टिकनं झाका. फवारा वाटतो त्याहून लांब उडतो. पहिला हात धुक्यासारखा, अगदी विरळ. पहिल्याच हाताला ओलाचिंब कोट मारला तर त्यातलं द्रावण पॉलिकार्बोनेटमध्ये शिरून भेगा पाडू शकतं. दहाएक मिनिटांनी दुसरा, मग तिसरा थोडा भरीव. डबा सतत सरकता, अंतर साधारण वीतभर किंवा जरा जास्त. हवा दमट असेल तर कोट दुधाळ होतो, म्हणून पावसाळी दिवस टाळा. डब्यातली हार्डनरची कुपी फोडल्यावर मिश्रण आतल्या आत घट्ट होत जातं, म्हणून दोन्ही दिवे एकाच दिवशी उरका. शेवटच्या हातानंतर कोट पुरता कडक व्हायच्या आत टेप अलगद, काचेपासून बाहेरच्या बाजूला ओढून काढा.

एक-दोन दिवस दिव्याला पाणी नको, आठवडाभर साबण नको.

मागचे दिवे

हे बहुधा अॅक्रिलिक. उन्हाला पॉलिकार्बोनेटपेक्षा खूपच चिवट असतं, पिवळं क्वचित पडतं, रंग प्लास्टिकमध्येच कालवलेला असतो. वर्षांनुवर्षं पुसल्याच्या ओरखड्यांनी फक्त निस्तेज होतं. इथे ६००-८०० चा कागद काढूच नका. नुसतं कंपाउंड मारून बघा. नाही भागलं तर २००० आणि ३०००, मग बफ. वर वॅक्स पुरे. फक्त एक पथ्य कडक: अॅक्रिलिकला अल्कोहोल लावू नये. ताण असलेल्या जागी त्यानं केसाएवढ्या भेगा पडतात. पुसायला साबणाचं पाणीच वापरा.

झटपट उपायांबद्दल

“टूथपेस्ट लाव, पाच मिनिटांत होतं,” हे सांगणारा प्रत्येक पार्किंगमध्ये एक तरी असतो. तो खोटं बोलत नाही. टूथपेस्टमध्ये बारीक घासणारी पूड असते, ती हलकं पॉलिश करते. पण जुना लेप पुरता निघत नाही, नवा मिळत नाही, आणि थोड्याच दिवसांत गाडी पूर्वपदावर. तेलकट स्प्रे ओरखड्यांत तेल भरतो, पाण्यानं दिसलं तसं स्वच्छ दिसतं, पहिल्या धुण्यात निघून जातं.

डास पळवणाऱ्या स्प्रेचं प्रकरण वेगळं आहे. त्यात डीट हे रसायन असेल तर ते प्लास्टिकचा वरचा थर चक्क विरघळवतं. काच क्षणात चकाकते, आणि नंतर चिकट, भेगाळ होते. रंगाला लागलं तर रंगही खातं.

आणि वाफेचा उपाय: एका भांड्यात द्रावण तापवून त्याची वाफ काचेवर सोडतात, पृष्ठभाग वितळून सपाट होतो. बघायला जादू वाटते. त्या भांड्यात बहुतेक वेळा डायक्लोरोमिथेन किंवा क्लोरोफॉर्म असतं. डायक्लोरोमिथेन श्वासातून गेलं की शरीर त्याचं कार्बन मोनॉक्साइड करतं. रंग काढायच्या मिश्रणात ते सामान्य ग्राहकांना विकायला अमेरिकेनं २०१९ मध्ये बंदी घातली. घरी हे करू नका. कुणी करून देतो म्हणाला तर कोट कोणता देणार ते विचारा. बहुतेकदा उत्तर येत नाही.

रात्रीची तपासणी

अंधार पडल्यावर सपाट भिंतीसमोर, सात-आठ मीटरवर गाडी सरळ उभी करा आणि लो बीम लावा. प्रकाशाची वरची कड आता ठसठशीत दिसायला हवी. दोन्ही बाजूंची उंची सारखी आहे का बघा, नसेल तर दिव्याच्या मागच्या स्क्रूनं जुळवा. आधी धुरकट काचेमुळे बीम चुकीचा लागलाय हे कळतच नसतं. साफ झालेला दिवा वर तोंड करून असला तर समोरच्याला आधीपेक्षा जास्त त्रास. मंद प्रकाशावर उपाय म्हणून मधल्या काळात जास्त वॅटचा बल्ब बसवला असेल तर तो काढून मूळ क्षमतेचा लावा. त्याची उष्णता काचेला आणि रिफ्लेक्टरला दोघांनाही बाधते.

पुढे गाडी धुताना दिव्यावर कोरडं फडकं मारू नका, आधी पाण्यानं धूळ वाहून जाऊ द्या. सहा-आठ महिन्यांनी पाणी टाकून बघा. थेंब टपोरे गोळे होऊन घसरत असतील तर कोट शाबूत. पाणी पसरट चिकटून राहत असेल आणि काच किंचित मळकट वाटत असेल, तर पुसायचा लेप दिलेल्यांनी ३००० चा कागद हलकेच फिरवून नवा हात द्यावा. तेव्हा अर्ध्या तासाचं काम असतं. पिवळं दिसेपर्यंत थांबलात तर पुन्हा ८०० पासून.